आईंना केदारनाथ, मुलाला डोंगर : घाटंजीच्या एका कुटुंबासाठी उखीमठचा सल्ला

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आपले गाव घाटंजी तालुक्यातले, घरची चार माणसे आणि हाताशी बारा दिवसांची सवड. आईंचे वय चौसष्ट, रक्तदाबाची गोळी रोजची, आणि मनात एकच इच्छा की एकदा केदारनाथाचे दर्शन व्हावे. मुलगा विशीतला, त्याला डोंगर चढायचा आहे आणि बर्फ पाहायचा आहे. आपल्याला व वहिनींना दोन्ही हवे आहे, पण वाटेत कोणाच्या जिवाला घोर लागू नये हीही काळजी आहे. तालुक्याहून निघणारी एक यात्रा बस बारा दिवसांत चारही धाम करून आणते म्हणते. ती धरावी की स्वतंत्रपणे जावे, असे आपण विचारले आहे. मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकलो आणि नंतरची बहुतेक वर्षे वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या गावांतली माणसे गढवालात नेण्यात घालवली. त्या अनुभवावरून स्पष्टपणे सांगतो की ती बस धरू नये. चार धामांचा नाद यंदा सोडावा आणि मंदाकिनीच्या खोऱ्यातले उखीमठ हे एकच गाव मुक्कामाला धरून तेथूनच सर्वांच्या इच्छा पुरवाव्यात.

बसला नकार देण्याचे कारण खर्चाचे नाही. यवतमाळहून हरिद्वारला जाण्यायेण्यात चार दिवस गेले की हाती आठ उरतात, आणि यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ ही चारही स्थाने ३,००० मीटरांच्या वर आहेत. आपला जिल्हा साधारण ३०० ते ४५० मीटरांवर वसलेला. एवढ्या सखल भागात आयुष्य काढलेल्या शरीराला आठ दिवसांत चार वेळा तीन हजारांवर चढवायचे आणि उतरवायचे, रोज दहा-बारा तास वळणांच्या रस्त्यावर बसवायचे, पहाटे तीनला उठवून रांगेत उभे करायचे, आणि एवढे करून देवासमोर काही क्षणही मिळतील याची खात्री नाही. धडधाकट माणूस हे निभावून नेईल. चौसष्ट वर्षांच्या रक्तदाब असलेल्या बाईंकडून ती अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही.

आता उखीमठविषयी. रुद्रप्रयागला अलकनंदा आणि मंदाकिनी यांचा संगम आहे. तेथून मंदाकिनीच्या काठाने वर जाताना कुंड नावाचे ठिकाण लागते, आणि कुंडहून नदी ओलांडून चढले की उखीमठ. ऋषिकेशपासून हे अंतर सुमारे १८० किलोमीटर भरते. गावाची उंची १,३०० मीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या चिखलदऱ्यापेक्षा दोनशेएक मीटर जास्त, त्यामुळे पहिल्या रात्री कोणालाही दम लागत नाही. समोरच्या उतारावर गुप्तकाशी दिसते, मध्ये खोल दरीत मंदाकिनी वाहते, आणि आकाश मोकळे असेल तर खोऱ्याच्या डोक्याशी हिमशिखरे उभी असतात. बाजार लहान आहे, माणसे सोज्वळ आहेत, आणि यात्रेच्या भर हंगामातही मुख्य गर्दी गुप्तकाशीच्या बाजूने सोनप्रयागकडे जात असल्यामुळे या काठावर श्वास घ्यायला जागा राहते.

गावात ओंकारेश्वराचे मंदिर आहे आणि आईंच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच. केदारनाथाची कवाडे भाऊबीजेला बंद होतात. त्या दिवशी भगवंताची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत बसवून खाली आणली जाते. पहिला मुक्काम रामपूरला, दुसरा गुप्तकाशीच्या विश्वनाथ मंदिरात, आणि तिसऱ्या दिवशी डोली उखीमठला पोहोचते. पुढचे सहा महिने केदारनाथाची पूजा येथेच, ओंकारेश्वराच्या मंदिरात चालते. पंचकेदारांतल्या, म्हणजे गढवालातल्या पाच शिवस्थानांतल्या, मद्महेश्वराचेही हिवाळ्यातले आसन हेच आहे. वरची कवाडे कोणत्या दिवशी उघडायची तो मुहूर्तसुद्धा दरवर्षी महाशिवरात्रीला याच मंदिरात जाहीर होतो. केदारनाथाचे रावल, म्हणजे मंदिराचे धर्मप्रमुख, जे परंपरेने कर्नाटकातील वीरशैव जंगम समाजातले असतात, त्यांची गादीही उखीमठलाच आहे. म्हणून जे भाविक म्हणतात की वर गेल्याशिवाय केदारनाथ घडला नाही, त्यांना मी नम्रपणे हे सांगतो की वर्षातले जवळपास अर्धे दिवस देव स्वतः खाली येऊन राहतो, आणि ही सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. आईंना ही गोष्ट घरी नीट समजावून सांगा. आपल्याकडे पालखी गावात येते तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी म्हणत नाही की देव तुझ्या दारी आला म्हणून ते दर्शन कमी झाले.

या मंदिराच्या आवारात उषा आणि अनिरुद्ध यांच्या विवाहाचा मंडप दाखवतात. उषा ही बाणासुराची कन्या, आणि अनिरुद्ध हा श्रीकृष्णाचा व आपल्या कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीचा नातू. वर्धा नदीच्या काठावरच्या माहेराहून दरवर्षी आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला नेणारे आपण लोक. तिच्या नातवाच्या लग्नाचा मंडप हिमालयात पाहताना आमच्या गटातल्या बायाबापड्यांचे डोळे भरून येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आईंना त्या ठिकाणी निवांत बसू द्यावे. संध्याकाळची आरती चुकवू नये.

कधी जावे याचा निर्णय पंचांग आणि शेत या दोघांना विचारूनच करावा लागतो. मृग लागण्याआधी, म्हणजे मे महिन्यात, शेत मोकळे असते आणि आपल्याकडे पारा ४४-४५ पर्यंत गेलेला असतो, म्हणून विदर्भातली बहुतेक मंडळी तेव्हाच निघतात. पण केदारखोऱ्यात सर्वांत जास्त गर्दीही तेव्हाच असते, खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि सोनप्रयागच्या अलीकडे गाड्या तासन्‌तास खोळंबतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तर या खोऱ्यात येऊच नये, हे मी कळकळीने सांगतो. २०१३ च्या जूनमधला केदारनाथचा प्रलय सर्वांना माहीत आहे. परंतु १९९८ च्या ऑगस्टमध्ये मद्महेश्वराच्या खोऱ्यात दरडींनी गावे गाडली, आणि २०१२ च्या सप्टेंबरमध्ये खुद्द उखीमठच्या परिसरात अतिवृष्टीने दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. हा डोंगर अजून कोवळा आहे, उतार तीव्र आहेत आणि पाणी मुरले की माती सुटते. मनात कितीही श्रद्धा असली तरी पावसाळ्यात तिला घरी थोपवून धरावे.

माझी शिफारस दिवाळीच्या सुमाराची आहे. सोयाबीन निघालेले असते, कापसाचे सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन पहिली वेचणी लागलेली असते, आणि गढवालात पावसाने धुतलेले आकाश इतके स्वच्छ असते की शिखरांच्या कडा मोजता येतात. मात्र येथे एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. दिवाळी अधिक मासाप्रमाणे पुढेमागे सरकते. २०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती, तर २०२३ मध्ये ती १५ नोव्हेंबरला आली होती. तुंगनाथाची, म्हणजे उखीमठजवळच्या चोपत्याहून वर चढून जायच्या शिवमंदिराची, कवाडे मात्र साधारणपणे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंद होतात आणि तो दिवस दसऱ्याला ठरतो. म्हणजे दिवाळी लवकर असलेल्या वर्षी केदारनाथाची डोली उखीमठला आलेली पाहायची आणि त्यानंतर उघड्या तुंगनाथाचेही दर्शन घ्यायचे, असा दुहेरी योग साधतो. लक्ष्मीपूजन घरी करून दुसऱ्या दिवशी निघालात तर हे जमते. दिवाळी उशिरा असेल तर दोहोंपैकी एकच मिळेल. तशा वर्षी मी आईंसाठी डोलीची निवड करीन आणि तुंगनाथाचे दर्शन मक्कूमठला घेईन, कारण तुंगनाथाचे हिवाळी आसन ते गाव आहे आणि तेथे गाडी जाते. दसऱ्याला तारखा जाहीर झाल्या की मगच परतीचा दिवस पक्का करावा. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, त्यामुळे जाण्याचे तिकीट आधी काढून ठेवता येते.

कापूस वेचणीच्या दिवसांत घर सोडणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. भावकीतल्या कोणावर तरी भार टाकावा लागेल. ते शक्यच नसेल तर तूर निघाल्यानंतर महाशिवरात्रीच्या सुमारास जावे. तेव्हा चोपत्याच्या रस्त्यावर बर्फ असतो, तुंगनाथ बंद असतो, पण केदारनाथ उखीमठलाच विराजमान असतात आणि मुहूर्त जाहीर होण्याचा सोहळा पाहायला मिळतो. आपल्याकडची मंडळी त्या दिवसांत पचमढीच्या महादेवाला किंवा मार्कंड्याला जातात. एखादे वर्ष इकडे आल्यास महादेव रागावणार नाही.

आता प्रकृतीविषयी, आणि हा भाग कृपया घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

सर्वांत आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. हिमालयाविषयी मार्गदर्शन करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींच्या यादीत ही गोष्ट सहसा नसते, कारण त्यांच्याकडे हा आजार फारसा दिसत नाही. आपल्या पूर्व विदर्भात आणि यवतमाळ जिल्ह्यातही तो अनेक समाजांत आहे. सिकलसेलचा रुग्ण असेल तर विरळ हवेत रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा माणसाने उंचावर जाऊच नये. परंतु जो केवळ वाहक आहे, म्हणजे हा दोष ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळाला आहे आणि ज्याला आयुष्यात कधी काही त्रास झाला नाही, त्यालाही उंचावर आणि भरपूर श्रम करताना धोका संभवतो. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र कळ येते, ती प्लीहेचा रक्तपुरवठा तुटल्याची खूण असू शकते, आणि बरोबरची माणसे तिला पोटदुखी समजून ओवा-सोडा देत बसतात. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात होते. पहिली चाचणी, जी सोल्युबिलिटी म्हणून ओळखली जाते, ती फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. रुग्ण की वाहक हे दुसऱ्या, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनेच कळते. म्हणून पहिली चाचणी होकारार्थी आली तर दुसरी होईपर्यंत थांबावे. आपण मुलाच्या जोरावर निर्धास्त आहात, पण माझा आग्रह मुलाची तपासणी आधी करण्याचा आहे, कारण सर्वांत उंच आणि सर्वांत वेगाने तोच चढणार आहे. तो वाहक निघाला तर त्याने देवरियाताल या कमी उंचीवरच्या तळ्यापर्यंत जावे आणि त्यापुढचा निर्णय डॉक्टरांनी द्यावा.

आईंचा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी महिनाभर आधी तपासून घ्या. औषध बदलायचे असेल तर ते घरी असतानाच बदलून स्थिर होऊ द्यावे. प्रवासात नवी गोळी सुरू करू नये. रोजच्या गोळ्या दुप्पट घ्याव्यात आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात, म्हणजे एक पिशवी हरवली तरी अडचण होत नाही.

विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, तरण्याबांड पोरालाही. साधारण अडीच हजार मीटरांच्या वर त्याची शक्यता सुरू होते. तुंगनाथाच्या उंचीवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशाच्या जवळपास असतो. डोके दुखते, जेवण नको वाटते, मळमळते, झोप लागत नाही. एवढ्यावर असेल तर त्याच ठिकाणी थांबावे, पाणी प्यावे, आणि बरे वाटेपर्यंत एक पाऊलही वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागत असेल, ओला खोकला येत असेल, किंवा बोलणे विसंगत होत असेल तर मात्र थांबणे पुरत नाही. रात्र असो की पाऊस, त्या माणसाला खाली उतरवलेच पाहिजे. शंका आली तर मी जमिनीवर एक सरळ रेघ ओढतो आणि त्या माणसाला टाचेपुढे टाच लावून तिच्यावरून चालायला सांगतो. तोल जात असेल तर चर्चा संपली, उतरायला सुरुवात. या त्रासावरची डायमॉक्स नावाची गोळी अनेक जण परस्पर घेतात. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती घातक ठरू शकते.

या सर्वांवर खरा उपाय एकच, तो म्हणजे हळूहळू चढणे, आणि उखीमठचा मुक्काम मी त्यासाठीच सुचवतो. ऋषिकेशहून पहाटे निघालात तर देवप्रयागचा संगम पाहत, गढवालातल्या श्रीनगरच्या पुढे धारी देवीला नमस्कार करून, संध्याकाळी उखीमठला पोहोचाल. रात्री डोंगरात प्रवास करायचा नाही, हे गाडीवाल्याला आधीच बजावून ठेवावे. दुसरा दिवस गावातच काढा. तिसऱ्या दिवशी गुप्तकाशी आणि कालीमठ. गुप्तकाशीला विश्वनाथाच्या समोर मणिकर्णिका कुंड आहे, त्यात गंगा आणि यमुना मानलेल्या दोन धारा पडतात. कालीमठच्या मुख्य मंदिरात मूर्ती नाही. एक कुंड आहे, ते चांदीच्या श्रीयंत्राने झाकलेले असते आणि पूजा त्याचीच होते. या दोन्ही ठिकाणी आईंना फारसे चालावे लागत नाही.

चौथ्या दिवशी सारी गावाला जावे आणि तेथून देवरियाताल चढावा. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, वाट दगडी फरसबंदीची, उंची २,४३८ मीटर. वर कुरणात तळे आहे आणि वारा नसलेल्या सकाळी त्यात चौखंबाचे, म्हणजे ७,१३८ मीटर उंचीच्या शिखराचे, प्रतिबिंब पडते. ही चढण मी सर्वांची परीक्षा म्हणून वापरतो. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करावा. आई हे तळे दुपारपर्यंत गाठून जेवणात मन लावत असतील, तर त्यांना तुंगनाथाची वाट जमण्यासारखी आहे. त्यांना हे जड गेले, तर त्या सारीत थांबोत आणि पुढे मक्कूमठच्या दर्शनाला जावोत. त्यात कमीपणा मानू नये.

देवरियातालहून जंगलातून रोहिणी बुग्यालमार्गे चोपत्याला जाणारी पंधरा-सोळा किलोमीटरची वाट आहे, ती मुलाने स्थानिक वाटाड्या घेऊन चालावी. वाट केदारनाथ वन्यजीव अभयारण्यातून जाते, वनखात्याचा परवाना लागतो, आणि बांज व बुरांसच्या त्या दाट जंगलात फाटे इतके आहेत की वाटाड्याशिवाय जाणे मी कोणालाच सुचवत नाही. मोनाल पक्षी दिसला तर त्याचे नशीब. बाकीच्यांनी गाडीने उखीमठ-गोपेश्वर रस्त्यावरून चोपत्याला जावे. उखीमठहून हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. चोपत्याला रात्र काढावी. तेथे मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही आणि दिवेही बेताचे असतात, तेव्हा घरी आधीच कळवून ठेवावे.

चोपत्याहून तुंगनाथ साडेतीन किलोमीटर. पंचकेदारांपैकी हे तिसरे स्थान, ३,६८० मीटरांची नोंद असलेले, शिवमंदिरांत सर्वांत उंचावरचे मानले जाणारे. वाट बांधीव आहे, पण चढ सुटत नाही. आईंसाठी चार तास धरा आणि सकाळी सातला निघा. मंदिर किंचित कलले आहे, पाच-सहा अंशांनी, अशी नोंद पुरातत्त्व विभागाने केली आहे. म्हणून भिंतींना रेलू नये, आवारातल्या लहान देवळ्यांवर चढू नये. मंदिराच्या वर सुमारे ४,००० मीटरांवर चंद्रशिला आहे. तेथे मुलाने, आणि जमल्यास आपणही, सूर्योदयाला पोहोचावे. नंदादेवी, त्रिशूल, चौखंबा आणि केदारनाथाची शिखरे एका रांगेत उजळतात. नोव्हेंबरमध्ये वाटेवरचे पाणी पहाटे गोठून काचेसारखे होते, त्यासाठी बुटांखाली लावायच्या लोखंडी काट्यांचे पट्टे चोपत्यालाच भाड्याने घ्यावेत. बर्फ मिळेलच असे वचन मात्र मी मुलाला देत नाही. ऑक्टोबरअखेर तो कधी असतो, कधी नसतो.

हे सर्व वाचूनही आईंचे मन केदारनाथावरच असेल, तर मेमध्ये जावे लागेल आणि नियोजन वेगळे करावे लागेल. गौरीकुंड १,९८० मीटरांवर, केदारनाथ ३,५८३ मीटरांवर. वाट सुमारे १६ किलोमीटरची, आणि तेवढा चढ एका दिवसात. उखीमठला तीन रात्री काढल्याशिवाय ही वाट धरू नये. यात्रेची नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर सक्तीची आहे. हेलिकॉप्टरचे तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळते. फोन करून किंवा व्हॉट्सॲपवर तिकीट देऊ म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नये. हेलिकॉप्टरमध्ये पाय वाचतात, पण काही मिनिटांत दीड हजार मीटरांहून जास्त उंची वाढते, आणि ढग आले की उड्डाणे तासन्‌तास थांबतात. वैमानिक नाही म्हणत असेल तर हुज्जत घालू नये. २०२५ च्या १५ जूनला गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून त्यातल्या सातही जणांचा मृत्यू झाला, हे ध्यानात असू द्यावे.

खेचर घ्यायचे असेल तर एक विनंती. आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकणारे, लोण्या-हळदीने चोळणारे लोक आहोत. तीच नजर येथे ठेवावी. खोगिराखालची घोंगडी उचलून पाठ पाहावी; जखम, ओलसर चट्टा किंवा माशा दिसल्या तर ते जनावर नाकारावे. दहा पावले चालवून लंगडते का पाहावे. मालकाला वाटेत पाणी पाजायला आणि विसावा द्यायला सांगावे आणि त्याचे दोन पैसे जास्त द्यावेत. वर चढताना खेचर ठीक आहे, पण उतरताना आईंना बसवू नये. तोल पुढे जातो आणि पडण्याचे प्रसंग तेव्हाच जास्त घडतात.

तयारी आतापासून करा. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला वाटते की आपल्याला चालण्याची काय चिंता. काळ्या सपाट रानात चालण्याची सवय आणि चढ-उताराची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गुडघे चढताना नव्हे, उतरताना बोलतात. जवळच्या तलावाच्या बांधावर रोज पाऊण तास चढ-उतार करावा. महिनाभराने माहूरला जाऊन रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया एका दिवसात पायी करावे. बूट दोन महिने आधी घेऊन तेच घालून शेतात जावे. कपड्यांविषयी एवढेच, की आपण कापसाच्या प्रदेशातले असलो तरी घामाने भिजलेले सुती बनियान उंचावर अंगावर राहू देऊ नये. ते लवकर वाळत नाही आणि थंडी छातीत शिरते. आत लोकरीचे किंवा लवकर वाळणारे, त्यावर स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. कानटोपी आणि हातमोजे प्रत्येकाचे दोन.

खाणे तेथे साधे आणि चांगले मिळते. मंडुव्याची म्हणजे नाचणीची भाकर, कुळथाची डाळ, राजमा, बटाटा. तिखट आपल्यासारखे नसते, म्हणून जवसाची चटणी बरोबर न्यावी. उंचावर भूक मंदावली की तोंडाला तीच चव आणते. वाटेसाठी गूळ-शेंगदाणे आणि फुटाणे पुरेत. रिकाम्या पुड्या खिशातून खाली आणाव्यात, त्या जंगलात कचरा उचलणारे कोणी नाही. रोख पैसे ऋषिकेशलाच काढून घ्या.

मद्महेश्वराचे आपण विचारलेले नाही, पण मुलाचे पाय उत्तम असतील तर तो पुढे कधीतरी त्याबद्दल विचारेलच. रांसी गावापासून गौंडार आणि बणतोलीमार्गे सुमारे १६ ते १८ किलोमीटरची ही वाट दोन दिवसांची आहे, आणि माझ्या मते पंचकेदारांच्या वाटांत ही सर्वांत शांत. बणतोलीचा पूल २०२३ आणि २०२४ च्या पावसाळ्यात वाहून गेला होता आणि पलीकडे अडकलेल्या यात्रेकरूंना हेलिकॉप्टरने काढावे लागले होते. त्यामुळे निघण्याआधी उखीमठला पुलाची चौकशी केल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. या वेळच्या बारा दिवसांत ती बसवू नका. जो एक दिवस शिल्लक राहील तो उखीमठलाच राखून ठेवा; रुद्रप्रयागच्या रस्त्यावर दरड आली तर परतीची गाडी त्याच दिवसाच्या बळावर मिळते, आणि रस्ता मोकळा असेल तर आईंना ओंकारेश्वराच्या आरतीला आणखी एकदा बसता येईल.

तपासण्यांचे अहवाल हाती आले की मला कळवा. त्यानुसार चौघांच्या चालीचा आणि मुक्कामांचा आराखडा आपण मिळून ठरवू.